प्याद्याचा बळी आणि अक्रोडाची चटणी

...आणि मला सांगा, रुखवतात पट मांडला म्हणून मुलीला खेळता येतं, असं कुठे असतं? आमच्या कुताईसीत मुलीबरोबर बुद्धिबळाचा पट द्यायची रीतच आहे, तशी रुखवतात केटलीही होती, पण म्हणून काय मी रेल्वेत चहा विकला? सासूबाई मात्र तरुणपणी बुद्धिबळात शहरात पहिल्या आलेल्या. या घरात वाद तोंडानं घालतच नाहीत, पटावर मिटवतात. मला राजधानीत, तिबिलिसीतल्या शाळेत नोकरी लागलेली, खोलीही बघून ठेवलेली, नवरा, म्हणजे झ्वियाद, तयार... निदान आई समोर नसताना तयार. सासूबाई म्हणाल्या, "मला हरव आणि खुशाल जा."

थोरल्या जाऊबाई, नानुलीवहिनी, लग्नानंतर अशाच एका डावात हरल्या, त्या अजून स्वयंपाकघरात अक्रोड वाटतायत. घर अक्रोडाशिवाय जेवत नाही. त्यांनाच माझी दया आली. हळूच म्हणाल्या, "ये, तुला लाटव्हियन गॅम्बिट शिकवते. कुणी खेळत नाही, म्हातारी गोंधळेल. दुसऱ्याच चालीला उंटापुढचं प्यादं पुढे सारायचं, फुकट. आधी द्यायचं, मग घ्यायचं."

तुम्हाला सांगते, भांडी घासताना तेच, झोपेत तेच... आधी द्यायचं, मग घ्यायचं. झ्वियाद म्हणाला, "झोपेत काय देतेस गं?" म्हटलं, तुझी आई.

रविवारी पट मांडला. पांढरी मोहरी अर्थातच मोठ्यांची. मी दुसऱ्या चालीला प्यादं सारलं. सासूबाईंनी चष्म्यावरून आधी प्याद्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. आणि मी दिलेलं प्यादं सोडून माझं मधलंच प्यादं घोड्यानं उचललं. हरकत नाही, म्हटलं, देऊन झालं, आता घ्यायचं... घेतलं मी त्यांचं प्यादं. तर त्यांचा वजीर तिरका सुटला तो थेट माझ्या राजाला शह. मी प्यादं आडवं घातलं, ते घोड्यानं खाल्लं, मी घोडा मारला आणि वजिरानं कोपऱ्यातला माझा हत्ती नेला.

"आई, जरा हळू खेळ ना," झ्वियाद.

"मी हळूच खेळतेय बाळा, हीच घाईनं हरतेय." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी मायेनं, "खातुना, आईनं पट दिला गं तुझ्या, डोकं काय मागून पाठवणार आहे?"

झ्वियाद हसला. हो, हसला... आणि मग खोलीवाल्याला फोन करायला अंगणात गेला. त्याची पावलं कधी नव्हे इतकी हलकी पडत होती.

सासूबाई मोहरी डब्यात भरत म्हणाल्या, "नानुलीही अगदी हेच खेळली होती. त्या जागी प्यादं घ्यायचं नसतं, वजीर काढायचा असतो. मी तेव्हाच तिला समजावलं होतं की."

तेव्हाच समजावलं होतं. ऐकलंत ना?

मी तरातरा स्वयंपाकघरात गेले. तिथे माळ्यावरचा दुसरा खलबत्ता काढून, धुऊन, पुसून, वहिनींच्या खलबत्त्याशेजारी मांडलेला. शेजारी माझ्यासाठी स्टूल, स्टुलावर उशीसुद्धा.

"वहिनी, मुद्दाम शिकवलंत?"

"मग काय जन्मभर एकटीनं कुटू?" त्यांनी अक्रोडांची परात माझ्याकडे सरकवली. "लसूण जरा जास्त घाल, त्यांना तसंच आवडतं."

घातला. सासूबाईंनी दोनदा वाढून घेतलं. म्हणजे लसणाचं तरी बाईनं खरं सांगितलं होतं.