जिभेखालची गोळी

न्हाई वो शिस्टरबाई, दारू न्हवंच – इचारा कुनालाबी, मालकांनी आयुष्यात दारूला हात लावला न्हाई. डाक्टरसायबांनी तेच इचारलं, तुमीबी तेच इचारताय. जत्रा म्हनून दारू आलीच आसं हाय व्हय? बोकड व्हतं, पावनं व्हतं, ऊन व्हतं – ऊन तर लय, आटपाडीकडचं ऊन तुमा सांगलीकरांना काय ठावं. मटन खाल्लं, ऊन लागलं, चक्कर येऊन पडलं. म्या सायबांना तेवढंच सांगितलं आन तेवढंच हाय. – रक्तदाब उन्हानं येवढा खाली जात न्हाई? आता मला अडानी बाईला काय म्हाईत त्यातलं. – आसं बगू नका माझ्याकडं. ते दार जरा पुढं करा की. भाईर जावई बसलाय.

सांगते, पर तुमच्यापाशीच ठिवा. मालकांचं मदुराईला गलाईचं दुकान हाय – सोनं गाळायचं वो, जुनं डागडागिनं वितळवून चोख करून द्यायचं. आमच्या भागात घरटी एक गडी आसाच परमुलखात, आन समदी एकदम घरी येनार ती जत्रंला. आमी बाया इकडं म्हातारी मानसं आन मेंढरं सांभाळायची. वर्साकाठी ते चार दिस काय तो आमचा संसार. त्या चार दिसांवर वरीस काढायचं – हसू नका, खरं तेच बोलतीया. तर मालकांना साखर झाली, मग छातीचं कायतरी निगालं, आन तवापासनं भिंतीकडं तोंड करून निजायचं. लागोपाठ तीन जत्रा. मी काय समजायचं? मला वाटलं, तिकडं कोन ठिवली आसंल. साखरंनं गड्याचं आसंबी व्हतं ह्ये मला कोन सांगनार, आन त्यांनी तरी कोनत्या तोंडानं सांगावं? मग परवा मी बोलून बसले. – काय म्हंजी? – न्हाई, ते न्हाई सांगत. – म्हनलं, मदुराईला समदं उरकून येताय आन हितं निस्तं जेवायला येताय व्हय. आसं बोलले बगा. ज्येनं सगळी हयात भट्टीफुडं काढली त्येला. मालकांनी चपला घातल्या आन अर्जुनाकडं गेलं.

अर्जुना चुलतपुतन्या, त्येचं दुकान दिल्लीला. त्येनं आनल्यात त्या निळ्या गोळ्या – फॉरेनच्या, पेपरातबी आलतं म्हनं मागल्या साली. हितं मिळत न्हाईत, म्हनून जत्रंत गड्यागड्यांत गपचूप वाटल्या. डाक्टर न्हाई, चिठ्ठी न्हाई, घेनाऱ्याला काय आजार हाय ह्ये कुनी इचारलं न्हाई. काल दुपारी – न्हाई, आजच की, माझं डोकंच ठिकान्यावर न्हाई – आज दुपारी पालखी देवळाकडं गेली, घर मोकळं झालं, आन ह्ये ऱ्हायलं मागं. जेवून एक घेतली. पोट मटनानं गच्च, गोळी कशी लागू व्हनार? घटकाभर वाट बघितली आन वरनं दुसरी घेतली. मला तवा ठावं न्हवतं, बाई, आईशप्पत; हिकडं येताना गाडीत सुद्दीवर आल्यावर सांगितलं त्यांनी. मग मालकांचं तोंड लालबुंद, कपाळ ठनकाया लागलं, म्हनलं, समदं निळंनिळं दिसतंया, तुझं लुगडं हिरवं का निळं? मला हसू आलं, मग त्यांनाबी आलं. लय वर्सांनी दोघं हसलो. आन मग – मग काय, नवराबायको हाय आमी. – तुमच्या आईच्या वयाची बाई मी, तुमच्याफुडं ह्ये बोलतीया, मला जीव नकोसा झालाय. पर माझ्या त्या बोलन्यापायीच त्यांनी ती खाल्ली. मीच खायला लावली.

आन मग त्यांनी छाती धरली. – न्हाई न्हाई, तवा मी घाबरले न्हाई. मदुराईच्या डाक्टरनी बारक्या गोळ्या दिल्यात, खिशातच आसत्यात, छातीत दुकलं की जिभेखाली ठिवायची. एसटीडीवरनं फोन करून माझ्याकडनं पाठ करून घेतलंय त्यांनी. म्या लगीच काडून ठिवली. उतार पडंना, म्हनून आनिक एक ठिवली. समदं चुकले आसंन, पर तेवढं मातर बरोबर केलं मी, तेवढंच एक पुन्य पदरात हाय. – त्येच्यानंतर पडलं. व्हय, त्येच्यानंतरच. डोळं पांढरं, आंग घामानं गार, हाका मारल्या तर ओ न्हाई की ठो न्हाई. – का वो? कंची गोळी म्हंजी? – ती छातीची गोळी हाय बाई, डाक्टरनी दिलेली. वाईट ती निळी. – दोनी मिळून? निळी घेतल्यावर ही चालत न्हाई? – कोन म्हनतंय? मला कुनी न्हाई सांगितलं. त्यांनाबी कुनी न्हाई सांगितलं. – म्हंजी ते पडलं ते माझ्या… ह्या हातानं…

बाटली? छातीच्या गोळ्यांची बाटली माझ्यापाशी न्हाई आता. भाईर बसलेल्या धाकट्या दीराकडं, जोतीरामभावजींकडं दिली, तुमी मला हिकडं बोलावलंत तवाच. मालक परत छाती चोळत व्हतं, म्या म्हनलं भावजी, तुमी आत जावा, आनिक एक जिभेखाली – आवं, पळताय कुटं? बाई – आलं ध्येनात, आलं. सरा, मी वरडते. भावजी. आवं भावजी, ठिवू नगा ती. हात मागं घ्या. जावईबापू, धरा त्यांचा हात. मालकांनी निळी गोळी खाल्लीया – अर्जुनाकडची निळी – दोन खाल्ल्यात. ऐकू येतंय का कुनाला? माझ्यासाठी खाल्लीया त्यांनी.