मॅनेजरबाईंचा केक

—अहो, अवघड कसलं त्यात, दोन शब्द आणि तिचं नाव, एवढंच तर लिहायचंय. बसा ना, त्या स्टुलावर बसा. चॉकलेटचा केक आणि वर पांढरं क्रीम—गुलाबी नको, गुलाबी तिला अजिबात आवडत नाही. मला नाही माहीत असणार तर कुणाला? इतकी वर्षं ह्याच टेबलाशी माझ्या कोपराला कोपर लावून उभी होती ती. क्रीमची पिशवी कशी धरायची, कुठे दाबायची, कुठे सोडायची, सगळं मी शिकवलं—हात हातात घेऊन, लहान पोरीला अक्षरं गिरवायला शिकवतात ना, तसं. आणि तुम्ही तिच्या वर्गातले! म्हणजे अख्ख्या वर्गानं मिळून तिला केक द्यायचा, तोही आमच्याच बेकरीतला, आणि त्यावर लिहायचं कुणी? तर मी. छान. नाही नाही, मनापासून म्हणतेय, छान.

बिझनेस मॅनेजमेंट ना? नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचं ते कॉलेज—माहितीये हो मला. पाच वाजले की ही ॲप्रन काढायची, केसांवरचं पीठ झटकायची आणि पळायची. मागे काउंटर कोण सांभाळणार? मीच. पण कधी हूं की चूं केलं नाही. म्हटलं, शिकतेय पोरगी, शिकू दे. आता सोमवारपासून मॅनेजर! मालकांनी काल सगळ्यांना भट्टीपाशी बोलावून सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या—हाताला पीठ होतं, आवाज आला नाही, ती गोष्ट वेगळी. आता मला सुट्टी हवी असेल तर विचारायचं कुणाला? तिला. मॅडम म्हणायचं का हो? ती म्हणते, ताई, तुम्ही नेहमीसारखीच हाक मारा—म्हणजे बघा, तेसुद्धा परवानगी दिल्यासारखं! काय? मला? छे, माझ्या कशाला पोटात दुखेल?

कुठला प्रोजेक्ट? ...कपातला केक? अच्छा, तो तिचा प्रोजेक्ट होता होय! सरांनी सगळ्या वर्गापुढे कौतुक केलं, आणि तोच तिनं मालकांना दाखवला—तरीच. अहो, केक सपाट करताना वरचा फुगीर भाग कापतो ना आम्ही, ते तुकडे मी कपात भरायचे, वर जरा क्रीम सोडायचे आणि गल्लीतल्या पोरांना द्यायचे. फुकट. हिनं काय केलं? त्याच कपाला झाकण लावलं, वर किंमत चिकटवली. झालं! आता रोज सगळ्यात आधी तेच संपतात. मग अक्कल कुणाची? ...नाही, तिचीच. मला नाही सुचलं ते. इतकी वर्षं कप हातात होता आणि नाही सुचलं, त्याचाच तर संताप येतो. दुसऱ्या कुणाला सुचलं असतं तर एवढं लागलं नसतं.

तुमच्या वर्गात अजून त्याच खुर्च्या आहेत का, हाताशी लिहायची फळी असलेल्या? मला कसं माहीत म्हणजे—सहज. ...बरं, गेले होते एकदा. नाव घातलं होतं मी पण, तिच्याचबरोबर. तीच मागे लागली होती, ताई, दोघी जाऊ. पहिल्याच दिवशी मला इथून निघायला उशीर झाला. दाराच्या काचेतून पाहिलं तर ही पुढच्या रांगेत, चार जणांत हसत बसलेली. शेजारी दुसरंच कुणीतरी. मला वाटलं होतं, माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवेल. तशीच मागे फिरले. घरी सांगितलं, गुडघा दुखतोय, जिने चढवत नाहीत. तिलाही तेच सांगितलं. तर दुसऱ्या दिवशी मलम घेऊन आली माझ्यासाठी. हसू नका हो, त्या मलमानं जास्त झोंबलं मला.

हे बघा, 'अभिनंदन' झालं. कसं वळण आहे? तिला नाही अजून असं जमत. ...एक विचारू? वर्गात ती माझं नाव काढायची का कधी? आठवून सांगा, घाई नाही, माझा हात चालूच आहे. कपांचं सांगताना तरी? काय म्हणाली? ...'कामावरच्या एक बाई.' एक बाई. हं. बरोबर आहे, बाईच आहे मी. जरा मोठंच लिहिते आता, लांबून दिसायला नको? मॅ—ने—ज—र. बघू दे सगळ्यांना, चांगलं ठळक, घसघशीत. आता तिचं नाव—

थांबा.

नाही, काही झालं नाही. अंतर चुकलं. 'मॅनेजर' पार कडेला जाऊन टेकलं. खालीही नाही मावत, बारीक लिहिलं तरी नाही मावणार. असं कधी होत नाही हो माझ्या हातून. टूथपिकनं आधी खूण करायची असते, नवीन पोरीसुद्धा करतात. ...उठू नका, मी करते. सगळं खरवडून पुन्हा क्रीम लावते, तुम्ही तोवर बाहेर एक चक्कर मारून या. आणि हे बघा—केकवर चुकलं ते तिला सांगितलंत तरी चालेल. मी तुम्हाला काय विचारलं, तेवढं सांगू नका. जा आता. दार ओढून घ्या.