घुबड विरुद्ध शिडी

...नाही, पण नारळ पुस्तकावर फोडतात का? तुम्हीच सांगा. प्रचाराचा नारळ म्हणे! भर ऑक्टोबरात, इंदापुरात, आमच्या कॉफी शॉपच्या दारात अप्पा उभे, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात कादंबरी, मागं ही एवढी माणसं, आणि मधे मी दोन्ही हात पसरून, की अप्पा, पायरीवर फोडा, उंबऱ्यावर फोडा, अगदीच राहवत नसेल तर माझ्या डोक्यावर फोडा, पण कादंबरीवर नको, पाणी सांडलं की पानं चिकटतात हो... आणि अप्पा शांतपणे मलाच विचारतात, "मग शुभारंभ कसा व्हायचा, पोरी?"

आणि मी काय केलं होतं? फळ्यावर एक ओळ लिहिली होती. एक ओळ!

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही वृषाली उगीच चिडते. मी उगीच चिडत नाही. मी कारणानंच चिडते, आता कारणंच फार आहेत त्याला मी काय करू?

तर पुण्यात एम.ए. केलं, आणि ठरवलं की सगळे इंदापूरहून पुण्याला जातात ना, आपण पुण्याहून इंदापूरला यायचं. कशासाठी? गावात वाचनाची गोडी लावायची. हसू नका. आई पण अशीच हसली होती. माझा चुलतभाऊ रविराज, रविदादा, त्यानं एसटी स्टँडच्या मागं कॉफी शॉप काढलंय. मशीन बारामतीहून आणलंय, सेकंडहँड, त्यामुळं त्याला वाटतं आपली कॉफी थेट बारामतीच्या तोडीची. लोक येतात, कपात बघतात आणि म्हणतात, "त्यो फेस काढ आन च्या दे." तर त्या शॉपची एक भिंत मी दादाकडून मागून घेतली. कपाट ठोकलं. माझी पुस्तकं लावली, मैत्रिणींची लावली, पुण्यात रद्दीवाल्याकडून वजनावर गठ्ठे आणले ते लावले. फुकट न्या, वाचा, परत आणा. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, एक पुस्तक हललं नाही. खोटं कशाला बोलू, एक हललं. तीन नंबरच्या टेबलाचा पाय डुगडुगत होता, त्याच्याखाली गेलं.

मग दादानं नवरात्रात मला बोलावलं आणि म्हणाला, "हे बघ वृषाली, दिवाळीपर्यंत मला एक माणूस दाखव. एकच. ज्यानं ह्या कपाटातलं एक पुस्तक पहिल्या पानापासनं शेवटच्या पानापर्यंत वाचलंय. तू सोडून. न्हायतर तितं आइस्क्रीमचा फ्रीजर बसवतोय." फ्रीजर! जिथं कादंबऱ्या आहेत तिथं मँगो कँडी! मला रात्रभर झोप नाही.

आता फळ्याचं सांगते. शॉपच्या दारात एक फळा आहे, अर्धा माझा, अर्धा दादाचा. माझ्या अर्ध्यावर 'ऑक्टोबरात काय वाचाल?' माझी पुण्याची मैत्रीण श्रेया म्हणाली, ऑटम रीड्स असं लिही, छान वाटतं. अगं बाई, कुठला ऑटम? आमच्याकडं झाडाची पानं गळत नाहीत, उसाचं पाचट पडतं. तोच ऑटम. बरं, दादाच्या अर्ध्यावर गावच्या बातम्या. कालव्याला पाणी कधी सुटणार, शेतीची लाईट दिवसा का रात्री, बावड्याची सकाळची एसटी बंद, कळंबात शेळी सापडली आहे, खूण पटवून घेऊन जावी. गर्दी कुठल्या अर्ध्यापुढं? शेळीची बातमी लोक दोन-दोनदा वाचायचे हो! मोबाईलवर फोटो काढायचे! आणि वाचताना टेकायचे कुठं, तर माझ्या अर्ध्याला. माझ्या शिफारशी लोकांच्या शर्टाच्या पाठीवर उमटून अख्ख्या तालुक्यात फिरल्या, पण वाचल्या एकानं नाहीत.

म्हणून मी डोकं लढवलं. दादा दूध आणायला गेला होता, तेवढ्यात मी त्याच्या अर्ध्यात, कालव्याच्या आणि शेळीच्या मधे, खडूनं एक ओळ घुसवली: 'या हंगामात सगळ्यांनी वाचायचे एक पुस्तक आपण मिळून निवडायचे आहे.' झालं. एवढंच. एक ओळ!

विसरले मी. पुण्यात राहून विसरले की आपण कुठं राहतो. अहो, आमच्याकडं काही निवडायचं म्हटलं की पॅनेल पडतं. कारखान्याला पडतं, दूध संस्थेला पडतं, गणपती मंडळाचा खजिनदार निवडायला पडतं. आमच्या पोरांना आधी चिन्हं कळतात, मग अक्षरं.

दुपारी अप्पा हजर. हे अप्पा म्हणजे साखर कारखान्यातून रिटायर झालेले, आता ऊस, आणि ऊस पाण्यावर असतो तेव्हा दुसऱ्याच्या भानगडी. आत आले, बसले, मला म्हणाले, पॅनेल कुणाचं हाय? मी म्हटलं, अप्पा, पॅनेल नाही, पुस्तक आहे. तर म्हणाले, म्हंजे बिनविरोध चाललंय व्हय, तुमी तुमच्यात ठरवून मोकळं, सभासदांना विश्वासात घ्यायची पद्धत न्हाय का काय? कोण सभासद, कसले सभासद, मला काही बोलूच देईनात. उठले, कपाटापाशी गेले आणि एक कादंबरी उचलली. मला इतका आनंद झाला! म्हटलं, अप्पा, छान आहे ती, कशावर आहे सांगू का? तर म्हणाले, "दिसतंय की. शिडी हाय." मुखपृष्ठावर शिडीचं चित्र होतं. "शिडी चांगली. वर जाती."

संध्याकाळपर्यंत ही बातमी कुशाबाईंना लागली. कुशाबाई म्हणजे बचत गटाच्या अध्यक्षा, डाळिंबाची बाग स्वतः बघतात, आणि त्यांचा बांध अप्पांच्या बांधाला लागून. आता बांधाला बांध म्हटल्यावर पुढचं मी सांगायला नको. त्या आल्या त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या, त्यांनी शिडी घेतली का, मग आमचं घुबड. घुबड म्हणजे आमच्याकडचं पक्ष्यांवरचं पुस्तक, वरती हे एवढं घुबड डोळे वटारून. एका फिरस्त्या अभ्यासकानं लिहिलंय, सुंदर पुस्तक आहे. उघडलं का बाईंनी? नाव नको. काखोटीला मारलं आणि गेल्या.

मग जे सुरू झालं! शिडीवाले म्हणायचे, घुबड अपशकुनी, दारात बसलं तर हाकलतोय आपण, ह्यांनी घरात आणलं. घुबडवाल्या म्हणायच्या, लक्ष्मीचं वाहन हाय ते, दिवाळी तोंडावर आलीय, जरा तोंड सांभाळा. आन शिडीचं म्हणाल तर वर चढला माणूस की पयली लाथ शिडीलाच मारतो. नारळाचा तो प्रकार ह्याच्यातलाच, आणि दोन दिवसांत फ्लेक्सही लागला. 'घुबडालाच साथ'. त्याच्यावर कुशाबाईंचा फोटो, गटातल्या सगळ्या बायकांचे फोटो, शुभेच्छुक म्हणून भाचे, पुतणे, जावई. लेखकाचा फोटो? नाही. लेखकाचं नाव? ते पण नाही! मी विचारलं तर म्हणाल्या, त्यो कुठं हितला मतदार हाय, बाय?

आणि दादा खूश! कोपरा सभा सगळ्या शॉपमध्ये, लोक आता फेसासकट कॉफी प्यायला लागले. मी टेबला-टेबलावर फिरतेय, अहो वाचा, आधी वाचा तरी, मग भांडा. अप्पा म्हणाले, "मत द्यायच्या आधी उमेदवाराच्या घरी ऱ्हायला जातो का आपण?" आणि मी काय केलं होतं? एक ओळ लिहिली होती!

शेवटी दोन्हीकडून मिळून आबाजींना आणलं. आबाजी म्हणजे सोसायटीचे जुने सेक्रेटरी, आयुष्यभर निवडणुकाच घेतल्या, त्यांना सगळे मानतात. ते आले, पंखा वाढवायला सांगितला आणि म्हणाले, रविवारी छाननी. ज्याला समोरच्या पुस्तकावर हरकत घ्यायचीय त्यानं पान नंबर सांगायचा. "हवेत बोलायचं न्हाय."

पान नंबर! तुम्हाला सांगते, ज्या गोष्टीसाठी मी सहा महिने घसा कोरडा केला, ती आबाजींनी एका वाक्यात केली, आणि त्यांना पत्ताही नाही. कारण पान नंबर सांगायचा तर पान उलटावं लागतं. त्याच संध्याकाळी अप्पा येऊन घुबड मागून घेऊन गेले आणि कुशाबाई शिडी. चुका काढायला! मला रागच आला. पुस्तक काय चुका काढायला वाचायचं असतं? ही काय वृत्ती? पण मग मी बघतेय तर अप्पा कोपऱ्यातल्या टेबलावर, कॉफीवर साय धरलेली, आणि ओठ हलवत वाचतायत. कुणी हाक मारली की बोट ओळीवर ठेवूनच मान वर. आणि कुशाबाई, ज्यांचा फोन घास गिळेपर्यंत थांबत नाही, त्यांनी फोन बंद करून पिशवीत टाकलेला. मी दादाला खुणावलं. दादा म्हणाला, शेवटचं पान होऊ दे, मग बोल.

रविवार उजाडला. एका बाजूला शिडी, एका बाजूला घुबड, मधून माणूस जाईल एवढी वाट. आबाजी म्हणाले, हरकती सांगा. अप्पा उठले. शिडीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. अप्पांनी हात वर करून थांबवलं.

"पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलं. माझी हरकत हाय," म्हणाले, "पण पुस्तकावर न्हाय. आपल्यावर हाय. पान चौऱ्याऐंशी. उसातला उंदीर घुबड खातं. माझ्या उसाची बुडं उंदरांनी कुरतडली आन मी औषधं टाकत बसलोय. आन बांधावरचं जुनं बाभळीचं झाड, त्यात घुबडं व्हती, अपशकुन म्हणून मीच पाडलं." पुस्तक मिटलं. "मी घुबडाला पाठिंबा देतो."

घुबडवाल्या बायकांनी असा जल्लोष केला! आणि तेवढ्यात कुशाबाई उठल्या. "बसा खाली," म्हणाल्या, "टाळ्या नगं." पदर तोंडाला. त्या कादंबरीत काय आहे, एक रंगारी आहे, त्याची लेक त्याच्या मनाविरुद्ध लग्न करून गेलेली, वर्षानुवर्षं बोलणं नाही. तो तिच्याच घराला रंग द्यायला जातो, आणि शिडीवर उभं राहून खिडकीतून तिला बघतो, आणि ओळख देत नाही. कुशाबाई म्हणाल्या, "त्याला खाली उतरून हाक मारता येत न्हवती व्हय? मला पुढं वाचवंना. आन सोडवंना बी. शेवटपर्यंत वाचली. मी शिडीबरोबर हाय."

शिडीवाले घुबडवाल्यांकडं बघतायत, घुबडवाल्या शिडीवाल्यांकडं. कॉफीचं मशीन तेवढं फुसफुसतंय. मग मागून एकानं हळूच विचारलं, नेते तिकडं गेले म्हंजे आपण बी तिकडं का? आणि निम्मे लोक उठून पलीकडं जाऊन बसले, पलीकडचे उठून इकडं आले, मग कुणीतरी म्हणालं, आरं पण आपला विरोध तर ह्यांनाच व्हता, म्हणून परत उठले... आणि मी? मी कपाटाला टेकून रडत होते. हो, रडत होते. दोन माणसं! पहिल्यापासून शेवटपर्यंत! मी दादाला दोन बोटं दाखवली. दादानं काउंटरवरूनच हात जोडले. फ्रीजर रद्द.

इथं गोष्ट संपली असती तर मी कशाला तुमच्यापुढं उभी राहिले असते?

आबाजी उठले. म्हणाले, आता ह्यात मतदान घेणं बरं न्हाय, दोन्ही बाजूंचा मान ऱ्हायला पायजे, तर तोडगा असा की तिसरं पुस्तक. मी म्हटलं, कुठलं तिसरं? म्हणाले, ज्याच्यावर कुणाचीच हरकत न्हाय. आणि खालच्या फळीवरून एक जाडजूड काढलं, तपकिरी, वर चित्र नाही, काही नाही. "हे कुणी वाचलंय का?" कुणीच नाही. "मग हरकत कशी असंल? बिनविरोध."

गुलाल! तुम्हाला सांगते, कॉफीच्या मशीनमध्ये गुलाल गेला! मी ओरडतेय, अहो, दोन इतकी चांगली पुस्तकं आहेत, तुम्हीच वाचलीत, तुम्हालाच आवडलीत, आणि न वाचलेलं निवडताय? तर अप्पांनी मला बाजूला घेतलं, कुशाबाई पण आल्या त्यांच्या मागोमाग. "पोरी," अप्पा म्हणाले, "एक पाडायचं आन एक निवडायचं, आन उद्या परत बांधाला बांध लावून ऱ्हायचं आमीच." कुशाबाईंनी मान डोलावली. त्या दोघांचं एकमत मी जन्मात पहिल्यांदा बघितलं.

लगेच कार्यकारिणी जाहीर. चेअरमन अप्पा, व्हाइस चेअरमन कुशाबाई, आणि माझ्याकडं बघून आबाजी म्हणाले, ही शिकलेली हाय, हिला तज्ज्ञ संचालक घ्या. मतदानाचा अधिकार नाही, पण मान आहे. मी नाही म्हणेपर्यंत मला फेटा बांधला. केशरी. कानावर आला. हातात नारळ, खांद्यावर शाल, समोर सगळा गाव, आणि आबाजी म्हणतात, आता तज्ज्ञ संचालकांनी निवडून आलेल्या पुस्तकाविषयी दोन शब्द बोलावेत.

मी त्या पुस्तकाकडं बघितलं. वजनावर आणलेल्या गठ्ठ्यातलं होतं ते. आत काय आहे देवाला ठाऊक! आणि लोक माझ्याकडं बघतायत, एवढ्या आशेनं, पहिल्यांदाच... मी माइक घेतला आणि म्हटलं, "अत्यंत वाचनीय पुस्तक आहे. प्रत्येकानं वाचलंच पाहिजे."

टाळ्यांचा कडकडाट. दादा कॉफीचा ट्रे घेऊन शेजारी आला आणि हळूच कानात विचारलं, "वृषाली, तू वाचलंयस का गं?"

मी फेटा सरळ केला आणि म्हटलं, दादा, मी तज्ज्ञ संचालक आहे. वाचायचं काम सभासदांचं.