नर्सला बोलवायची दोरी

बटण बरं की दोरी, हा वाद तुम्ही घालूच नका यार. त्याचा निकाल आमच्या आईने पंचाऐंशी सालीच लावलाय.

तेव्हा मी अमेरिकेत, नेपरव्हिलजवळच्या एका वृद्धाश्रमात इंजिनियर होतो. खोल्यांमध्ये नर्सला बोलवायची सिस्टीम बसवायची होती. मॅनेजर पलंगाजवळच्या बटणावर फिदा, मी बाथरूममधल्या दोरीच्या बाजूने. एका खोलीत दोन्ही बसवलं आणि ट्रायलला साताऱ्याहून आलेल्या आईला दिवसभर तिथे ठेवलं.

दुपारपर्यंत बटण वाजेना. विचारलं तर म्हणाली, "तहान लागली तर उठून पाणी प्यावं. त्या पोरींना कशाला त्रास?"

मॅनेजरचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात बाथरूमचा अलार्म कोकलायला लागला! दोन नर्स धावल्या, मागोमाग आम्ही दोघं. बघतो तर आईने आंघोळ आटोपून टबमध्ये आपलं नऊवारी लुगडं धुतलेलं, आणि ते वाळत घालायला अलार्मची दोरी ताणून पडद्याच्या दांडीला बांधलेली.

मी ओरडलो, "आई, अगं ती मदतीला बोलवायची दोरी आहे!"

"मग आल्या की वेळेवर," म्हणत आईने ओल्या लुगड्याचं एक टोक नर्सच्या हातात दिलं. "घट्ट धर गं बाई, पिळायचंय."