गिरणी म्हणजे उखळ नव्हे

हॅलो?… हॅलो… कोण?… झोंदिवे? अगं मोठ्यानं बोल, इथे गिरणी चालू आहे… हो, टेम्वाच. माझा फोन दुसरं कोण उचलणार?… थांब, वारुळावर चढते. खाली रेंज नाही येत… थांब गं, पोलकं अडकलं काट्याला… हं. आता बोल.

…बरी आहे.

…बरी आहे म्हटलं ना!

…तुला कुणी सांगितलं?… धाकट्या जावेनं? तरीच. तिच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. तुझ्या मझुझू शहरापर्यंत गेलं म्हणजे आता उत्तरेला कुणी राहिलं नाही ऐकायचं.

…नाही, मारामारी नाही झाली. कोण म्हणालं मारामारी?… अगं ऐक ना. पहिल्यापासून सांगते, मध्ये बोलू नकोस. मंगळवारी मी मका घेऊन गिरणीवर गेले… हो, लायटनचीच. दिराची गिरणी, म्हणजे घरचीच, तरी रांगेत. मोठ्या सुनेलाही रांग आहे म्हणून गावात केवढं कौतुक त्याचं! बरं, वीसएक बायका रांगेत. इंजिन असं धडधडतंय की शेजारणीनं कानात ओरडलं तरी कळू नये. मग मी म्हणायला लागले.

…म्हणजे काय? गाणं.

…माझं. नवीन. तीन आठवडे पोटात होतं गं, कुठे ओकू ते?… उखळ? उखळ कुठे राहिलंय! गिरणी आली त्या दिवशी सासूबाईंनी उखळ पालथं घातलं. त्याच्यावर आता सोलरची पट्टी ठेवलीय, फोन चार्ज करायला… हो, हाच फोन. माझ्याच उखळावर चार्ज झालेला. हस, हस.

…नाही, आधी हळूच. मग पुढचीनं ओळ धरली, मागचीनं धरली, बघता बघता वीसजणी. इंजिनाखाली कुणाला ऐकू जातंय! सगळ्या माना हलवतायत, पाय आपटतायत… अगं, किती दिवसांनी बरं वाटलं मला. खरं सांगते, छातीवरचा धोंडा हलला. आणि नेमका पट्टा निसटला.

…गिरणीचा पट्टा गं! फाट्कन निसटला आणि इंजिन बंद. बाकीच्या शहाण्या, जागच्या जागी गप्प. मी मात्र डोळे मिटून शेवटची ओळ म्हणतेय, एकटी.

…हो. नावासकट.

…नवऱ्याचं, वायसनचं नाव घेतलं असतं तर कुणी विचारलं नसतं. सासूचं घेतलं. न्याजेरे, असं, खणखणीत. डोळे उघडले तर सासूबाई दारात उभ्या. आणि शेजारी कोण, तर पाद्रीबाई.

…हसू नकोस. आता खरंच हसू नकोस.

…काय होतं म्हणजे? तुला सांगितलं नाही कुणी?… बरं, म्हणत नाही, नुसतं सांगते. आजूबाजूला कुणी नाही ना ते बघू दे… ‘जोनीच्या बसला किती गं खिडक्या, एका खिडकीत बसलंय तान्हं. न्याजेरे माय, तुला ठाऊक होतं. ठाऊक होतं नि म्हणालीस, कांड सूनबाई, कांड.’

…एवढंच.

…ऐकतेयस ना?

…कशावरून म्हणजे? एका फोटोवरून. सासूबाईंच्या बायबलमध्ये सापडला, मी चादरी उन्हात टाकत होते तेव्हा. वायसन उभा आहे कोट घालून, जोनीची ती उंच घरं मागे, खाली जोहान्सबर्ग छापलेलं. त्याच्याशेजारी ती. तिच्या पाठीला मूल बांधलेलं, नुसतं डोकं दिसतंय, एवढंसं. आठ वर्षं झाली याला जाऊन. माझी तोवेरा तेव्हा रांगत होती. दोनदा आला, दोन ब्लँकेटं आणली. आणि ही सासू रोज सकाळी मला हाक मारते, सूनबाई, पीठ संपलं.

…नाही, त्यांना विचारलं नाही. काय विचारू? सुनेनं सासूला समोर उभं राहून विचारायचं? आपल्याकडे कुणी विचारलंय कधी? त्यासाठीच तर उखळ असतं! उखळापाशी काहीही म्हणावं. सासूचं नाव घ्यावं, नवऱ्याला रेडा म्हणावं, कुणी वर मान करून बघत नाही. पिठात गेलं ते. ज्यानं ऐकायचं त्यानं ऐकलं… आणि त्या ऐकायच्या, झोंदिवे, खोटं कशाला बोलू? ओट्यावर शेंगा सोलत बसायच्या आणि ऐकायच्या. मला ताप असताना पाण्याला धाडलं होतं, आठवतं? त्यावर मी केलं होतं गाणं. दुसऱ्या दिवशी स्वतः बादली घेऊन विहिरीवर गेल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. मीही नाही. संध्याकाळी एका ताटात मक्याच्या पिठाचा सीमा खाल्ला आम्ही, भोपळ्याच्या पाल्याबरोबर.

…तेच सांगतेय. आता उखळ नाही. मग सांग, हे कुठे म्हणायचं होतं मी?

…हो, गावप्रमुखाकडे गेल्या त्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच. बैठक बसली अंजिराखाली. मी म्हटलं, गाणं होतं. दळणाचं गाणं होतं, हातात मका होता, समोर पीठ पडत होतं. गावप्रमुखानं तपकीर ओढली, दोनदा शिंकला आणि म्हणाला, गिरणी म्हणजे उखळ नव्हे. उखळापाशी म्हटलं ते गाणं, बाहेर म्हटलं ती शिवी… हो, असंच. सगळ्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. रांगेतल्या वीसजणींपैकी एक तरी तोंड उघडेल? छे! पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसल्या.

…आज. आज चार वाजता. म्हणजे तासाभरानं… दंडाची कोंबडी द्यायची. ती देते, कोंबडीचं काय! गुडघ्यावर बसायचं. बसते. तेही रोजचंच. पण वर सगळ्यांदेखत म्हणायचं, माझं गाणं खोटं होतं.

…ते नाही म्हणणार.

…नाही म्हणजे नाही.

…नाही म्हटलं तर काय, पाठवतील घरी. माझं बोचकं, माझी चटई. आणि तोवेरा इथे राहील… अगं, गाई दिल्यात त्यांनी माझ्यासाठी, मूल त्यांचं. तुला काय सांगायचं ते! आणि आपल्याकडून कोण उभं राहणार, दादा? माझ्या आलेल्या गाई देऊन त्यानं स्वतःची बायको आणली. मी परत गेले तर त्याला घाम फुटेल, गाई कुठून परत देऊ म्हणून. कालच निरोप आलाय त्याचा. टेम्वा, मोठं मन कर. मोठं मन! त्याचं केवढं आहे ते मला ठाऊक आहे.

…हं.

…हं… बोल, ऐकतेय.

…श्वास? काय करायचं श्वासाचं?… नाकानं आत… चार मोजायचे… बाई, मी वारुळावर उभी आहे. नाकानं आत घेतलं तर मुंग्या जातील.

…नाही, थट्टा नाही करत. सांग तू. हे तुमच्या त्या संस्थेत शिकवतात ना? हॉटेलात, चहा-बन देऊन?… कठीण भावनांना घाबरायचं नाही… बरं… त्यांच्यातूनच माणूस वाढतो… बरं… आणि काय होतं?… निर्मिती. हो का! राग आला की त्याचं चित्र काढायचं. कसलं चित्र?… प्राण्याचं? राग प्राणी असता तर कोणता असता?

…माझा? कोंबडी. दंडाची.

…अगं, चिडू नकोस. पण झोंदिवे, तू आईच्या पाठीला बांधलेली होतीस आणि आई कांडत होती. ती काय म्हणायची बाबांच्या दारूवर, ते तुला माझ्याआधी पाठ झालं होतं. तेच आता हॉटेलात कागदावर काढायला शिकवतेस तू, पंखा लावून. आणि त्या बायका घरी जाऊन काय करतात? सासूला चित्र दाखवतात?

…काय? परत बोल.

…माझं गाणं सांगितलंस तिथे? कुठलं?… बादलीचं. उदाहरण म्हणून… टाळ्या वाजवल्या?… हं. तिथे टाळ्या, इथे कोंबडी. बरं आहे.

…नाही रागावले. तुझ्यावर रागवायला आज वेळ नाही… ए, तोवेरा! त्या कोंबडीला सोडू नकोस! पाय बांधून ठेव तिचे!… हो, हीच ती कोंबडी. पोरगी सकाळपासून तिला दाणे घालतेय. नाव पण ठेवलंय.

…म्हणून टाक? काय म्हणून टाक?… खोटं होतं म्हणून? शब्दच आहेत?… अगं, माझ्याकडे दुसरं आहे काय, शब्दांशिवाय? नवरा नाही, गाई नाहीत, उखळ होतं ते पालथं घातलं. एक गाणं आहे, ते खरं आहे. ते मी माझ्या तोंडानं खोटं म्हणू? मग उद्यापासून या घरात मी काहीही म्हटलं तरी कोण धरेल ते? म्हणतील, हिनंच सांगितलं होतं, ही खोटी गाणी करते.

…तोवेरासाठी. हो, कळतं मला. तिच्यासाठी म्हणून तर तासभर आहे अजून, नाहीतर सकाळीच बोचकं बांधलं असतं… रात्रभर तेच चाललंय डोक्यात. पोरगी सोडू की गाणं? हे बोलायलासुद्धा लाज वाटते. कुठल्या आईला विचार करावा लागतो यावर? पण लागला मला. तुला म्हणून सांगतेय.

…नाही गं, त्या लेकराला मी काही म्हटलेलं नाही. गाण्यात नुसतं खिडकीत बसवलंय त्याला, शिवी नाही दिली… हो, त्याचा काय दोष… हो, निष्पाप… हो, पोर नुकतंच शाळेत…

…

…थांब.

…काय म्हणालीस?

…नाही, त्याच्या आधी. शाळेत जायला लागलं म्हणालीस.

…तान्हं मूल शाळेत कसं जाईल, झोंदिवे?

…हॅलो?… आहेस ना?… रेंज आहे. मला ऐकू येतंय, तू श्वास घेतेयस ते. मोजू नकोस, बोल.

…फोटो जुना आहे… किती जुना?… सहा वर्षं. मुलगी सहा वर्षांची आहे. म्हणजे पहिल्यांदा ब्लँकेट घेऊन आला होता, तेव्हा ती होती. आपण कोंबडा कापला होता त्याच्यासाठी. तूही होतीस जेवायला.

…तुला कुणी सांगितलं हे?… जावेनं?… खोटं नको. तिला ठाऊक असतं तर साऱ्या गावाला ठाऊक असतं.

…कधी?… जोनीला विकायचे कपडे आणायला गेली होतीस तेव्हा. म्हणजे तीन वर्षं झाली… दोन महिने होतीस ना तिकडे? म्हणालीस, मैत्रिणीकडे उतरले.

…तिच्याकडे उतरलीस.

…वायसन म्हणाला. हो, तो म्हणणारच… भाडं वाचलं. बरोबर… तिच्या हातचं जेवलीस?… दोन महिने… कसा करते सीमा, पातळ की घट्ट?

…नाही, मला खरंच ऐकायचंय. सांग ना.

…नाव काय मुलीचं?… नको. नको सांगूस.

…माझ्या मनाच्या शांतीसाठी. हो. मला झेपलं नसतं. हो… तू विचार केलास, ताईला कशाला त्रास… सासूबाईंनीही हाच विचार केला असेल बघ. सगळ्यांनी मिळून माझी शांती सांभाळलीत. मी वेडी इकडे कांडतेय.

…रडत नाहीये मी. तू रडतेयस… रड. मोज तुझं ते चारपर्यंत.

…काय करणार म्हणजे? जाणार अंजिराखाली. गुडघ्यावर बसणार, कोंबडी देणार आणि म्हणणार, माझं गाणं खोटं होतं.

…हो. म्हणणार. ऐकलंस ते बरोबर.

…तुझ्या सांगण्यावरून नाही! खोटंच होतं ते. मी तान्हं म्हटलं, ती सहा वर्षांची आहे. मी म्हटलं एकीला ठाऊक होतं. दोघींना होतं… शपथेवर सांगेन, गावप्रमुखासमोर, पाद्रीबाईंसमोर. एक अक्षर खोटं बोलायला लागणार नाही मला. पोरगी राहील माझ्याजवळ. रात्री सासूबाईंना ताट वाढेन, त्या खातील, मी खाईन. त्यांनी निदान मला कांड म्हटलं, गं. तुझ्यासारखं, शांत झोप म्हटलं नाही.

…आले, आले! कुणी तरी हाक मारतंय. लोक जमले वाटतं… तोवेरा, आण इकडे ती! पंखांना धरून आण, अशी नाही!

…काय?… तुझ्यावर?

…भीती वाटते तुला? माझ्या गाण्याची?

…नको घाबरूस. उद्या कुठूनही उखळ आणलं, माझ्या पाठीवर लादून आणलं, तरी तुझं नाव नाही येणार त्यात. ज्याच्याबरोबर नांदायचं असतं त्याच्यावर गाणं करतात, झोंदिवे. तुझ्यावर कशाला करू?

…हो. संपत आली तुझी मिनिटं. ठेव.

…बरं, मग मीच ठेवते.