फॉन्टाचं बारसं

माह्या नातीनं कॉम्प्युटरवर गाण्याचे सूर लिवाच्या खुणा बनवल्या, थे तुमाले सांगतलं का? अशा खुणायच्या फॉन्टाले म्हणे नाव द्या लागते. सारे मोठमोठ्या वादकायचे नावं देतात.

नात म्हणे, "आजी, मी तुह्यंच देतो. सुलोचना!"

म्या म्हणलं, "थे नाव सासरच्यायनं लग्नात तांदळात लिवलं, मले न विचारता. माहेरी रिठदले माह्या मायनं ठेवलेलं धुरपता टाक."

पोरगा तणतणला, "माय, किती गावंढळ! लोकं हासतीन."

"हासू दे. ज्याले लाज वाटते, त्यानं दुसरा फॉन्ट घ्यावा."

नातीनं बापासमोरच धुरपता टाकलं.

पोरगा म्हणे, "आन् आमच्या घरानं देल्लेल्या नावाचं काय?"

म्हणलं, "थे तुमी ठेवलं होतं, तुमीच सांभाळा."