वाडगा पुसायचा कागद

(नागपूरहून अमेरिकेत तीन आठवड्यांसाठी आलेल्या शोभनाताईंना त्यांची लेक रेणू आज जपानी पद्धतीचा चहा दाखवायला जर्सी सिटीहून पार्सिपनीपर्यंत घेऊन आली होती. दीड तास गुडघे दुमडून बसल्यावर दोघी आत्ता कुठे पार्किंगमध्ये, गाडीत येऊन टेकल्या आहेत. शोभनाताईंचा संशय मात्र अजून आतल्या चटईवरच ठाण मांडून आहे.)

रेणू : आई, सीटबेल्ट लाव.

शोभना : लावते. आधी आठव, आत काही विसरलीस का?

रेणू : नाही. फोन आहे, जॅकेट आहे, तुझी शाल मागे आहे. का गं?

शोभना : सहज. मागच्या आठवड्यात आयसेलिनला साड्या बघायला चल म्हटलं, तर तुला मीटिंग होती. आणि आज चहा प्यायला सुट्टी टाकलीस.

रेणू : तू शनिवारी परत चाललीस. म्हटलं, काहीतरी वेगळं दाखवू. किती पीसफुल असतं तिथे. कोणी बोलत नाही.

शोभना : तेच म्हणते मी. आई शेजारी बसलेली, आणि दीड तास तिने काही विचारायची सोय नाही. चांगली जागा शोधलीस.

रेणू : काहीतरीच तुझं. आवडलं नाही का?

शोभना : आवडलं की. त्या बाईंचा हात किती शांत. पळी खाली ठेवली तरी आवाज नाही. पण तो हिरवा चहा एवढा घट्ट घोटायचा, आणि वर एकाच वाडग्यातून सगळ्यांनी प्यायचा. तुम्हा भावंडांना मी कधी एकमेकांचं उष्टं पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही.

रेणू : अगं, आपलं पिऊन झालं की कड पुसून वाडगा पुढे द्यायचा असतो. त्या घडीच्या कागदाने.

शोभना : तू कुठे पुसलास? तसाच सरकवलास माझ्याकडे. शेवटी त्या बाईंनी कागद माझ्या हातात दिला.

रेणू : सॉरी. लक्ष नव्हतं.

शोभना : लक्ष कुठे होतं, तेच तर तीन आठवडे विचारतेय.

रेणू : आई, प्लीज. आता ट्रॅफिक लागेल.

शोभना : लागू दे. दारातच त्यांनी तबक पुढे केलं. वाडग्याला ओरखडा नको, म्हणून अंगठ्या, बांगड्या, घड्याळं सगळं काढून ठेवायचं. माझी अंगठी निघता निघेना, साबण लावावा लागला. हा बघ, अजून वळ आहे.

रेणू : दुखतंय?

शोभना : माझं सोड. तुझी नुसता हात खाली केलास तर घरंगळली. बोटावर ना वळ, ना खूण.

रेणू : वजन उतरलंय माझं.

शोभना : ते दिसतंय. कशाने उतरलं ते सांग. आणि हात दाखव.

रेणू : कशाला?

शोभना : अंगठी कुठाय?

रेणू : अरे देवा. तबकातच राहिली. थांब, पळत जाऊन आणते.

शोभना : बस खाली. माझ्या पर्समध्ये आहे. मी बांगड्या चढवत होते, तू बूट घालून चालायलाही लागलीस. फोन तीनदा चाचपलास, लग्नाची अंगठी मात्र आठवली नाही. तुझा नवरा, शंतनू, डॅलसला प्रोजेक्टवर गेलाय म्हणतेस, ते खरं नाहीये ना?

रेणू : डॅलसलाच आहे. प्रोजेक्टवर नाही. राहायलाच गेलाय, मार्चमध्ये. अंगठी मी तू येणार म्हणून ड्रॉवरमधून काढली.

शोभना : आणि व्हिडिओ कॉलवर रोज 'आई, बऱ्या आहात ना' म्हणतो तो?

रेणू : मीच सांगितलं होतं, आई इथे असेपर्यंत तेवढं कर.

शोभना : त्याच्या घरी माहितीय?

रेणू : हो. तेव्हापासूनच.

शोभना : म्हणजे विहीणबाई माझा फोन उचलत नाहीत, ते काही गुडघेदुखीमुळे नाही. आणि मी वेडी त्यांच्यासाठी बदाम बांधून ठेवलेत. फार लागलं मला, रेणू. जावई गेला त्याचं नाही. सगळ्यांत शेवटी मला कळलं, त्याचं.

रेणू : तू परत गेल्यावर सांगणार होते. फोनवर सोपं जातं.

शोभना : एकच विचारते, खरं सांग. हात उचलला का त्याने कधी?

रेणू : नाही गं. तसला नाहीये तो. आमच्यात बोलायलाच काही उरलं नव्हतं. मी जा म्हटलं, तो गेला. एवढंच झालं.

शोभना : तीन आठवडे तू आंघोळ करून आलीस की मी तुझे दंड बघायची. पाठ बघायची.

रेणू : तेल लावून देऊ का, म्हणायचीस, ते यासाठी?

शोभना : मग काय करणार? तू सांगत नव्हतीस.

रेणू : बाबांना काय सांगणार आहेस?

शोभना : हेच. बाबांचं मी बघते. ते दोन दिवस जेवणार नाहीत, तिसऱ्या दिवशी जेवतील.

रेणू : आणि तू? तुला माझी लाज नाही वाटत?

शोभना : अंगठी तबकात घरंगळली तेव्हाच मला कळलं होतं. वाडगा त्यानंतर आला.

रेणू : मग?

शोभना : मग काय. तुझ्यामागून तसाच प्यायले, पुसला नाही. कागद पर्समध्ये कोरा आहे. घे, डोळे पूस.